परातीतला सूर्य

बुधवार, १२ ऑक्टोबर २०२२

संध्याकाळी गिरणी बंद करून घरी आलो तर सृष्टी दारातच उभी. "बाबा, पंचवीस तारखेला सूर्यग्रहण हाय. आपल्याकडं दिसणार हाय. मी फोटो काढणार."

मी हातपाय धुतले, अंगावरचं पीठ झटकलं, देवापुढं दिवा लावला. मग म्हणालो, "ग्रहण पाळायचं असतं. बघायचं नसतं."

"मॅडम म्हणल्या, बघितलं तरी काही होत न्हाई. फक्त नीट बघायचं."

फक्त नीट.

दत्तराव काका आठवला. मी सात वर्षांचा असताना मोठं ग्रहण लागलं होतं. भर दुपारनंतर अंधारून आलं, कोंबड्या खुराड्यात गेल्या. आईनं मला घरात कोंडून दाराला बाहेरून कडी लावली होती. काका तेव्हा तरणाबांड. त्यानं ग्रहण पाहिलं, असं पुढं गावात सगळे सांगायचे. तेव्हापासून काका आमच्याशी बोलताना आमच्याकडं बघायचा नाही. मान जरा वाकडी करून माझ्या कानाच्या बाजूला बघायचा, जणू तिथं कोणी उभं आहे. मी मागं वळून बघायचो. कोणी नसायचं. पोरं म्हणायची, दत्तूकाकाला ग्रहणात दिसलेलं काहीतरी अजून दिसतं. मी त्याच्या वाटेलाही जायचो नाही. जत्रेतून आणलेली शेव त्यानं पुढं केली तरी पळून जायचो.

काका जाऊन बरीच वर्षं झाली. तरी आज लिहिताना एकदा मागं वळून बघितलं.

सृष्टी नववीत आहे. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, नवसानं झालेली एकुलती एक. तिला नाही म्हणावं तर ती चोरून बघेल. हो म्हणावं तर कसं म्हणावं?

रविवार, १६ ऑक्टोबर

सृष्टीच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या धम्मशीला मॅडम ज्वारी दळायला घेऊन आल्या. त्यांच्यात ग्रहण पाळत नाहीत, पण बाई बोलायला मऊ. दळण होईपर्यंत पोत्यावर बसल्या. उन्हं कलली होती. दळण संपलं तसं मी पट्टा उतरवला, मोटर थांबली, आणि त्या एकदम म्हणाल्या, "दादा, हे भिंतीवरचे गोल काय आहेत?"

गिरणीची पश्चिमेची बाजू पत्र्याची. जुने खिळे निघून तिथं भोकं पडली आहेत. दुपार उतरली की त्यातून ऊन शिरतं आणि समोरच्या भिंतीवर गोल ठिपके पडतात. जुन्या रुपयापेक्षा थोडे मोठे. मी म्हणालो, "भोकं गोल हायेत, म्हणून उजेड गोल."

"भोकं बघा बरं."

मी पत्र्याजवळ गेलो. एका जागी खिळा उपटताना पत्रा फाटलेला, भोक तिकोनी. दुसरं नुसती चीर. तरी समोर भिंतीवर दोन्हीचा उजेड गोलच.

मॅडम म्हणाल्या, "तो भोकाचा आकार नाही, दादा. तो सूर्य आहे. प्रत्येक ठिपका एक सूर्य. पंचवीस तारखेला या सगळ्यांना घास लागलेला दिसेल."

सृष्टी तिथंच होती, ती टाळ्या पिटत नाचलीच. मी मात्र खाली बसलो. वीस वर्षं सूर्यनारायण रोज माझ्या भिंतीवर येऊन बसत होता आणि मी त्याच्यावर कोंड्याची पोती रचत होतो. मनातल्या मनात हात जोडले. आनंद झाला का भीती वाटली, सांगता येत नाही.

मॅडम म्हणाल्या, पोरीनं सूर्याकडं पाठ करून, दार लावून भिंतीकडंच बघायचं आणि भिंतीचाच फोटो काढायचा, यापेक्षा सुरक्षित काही नाही. बाहेर मात्र कोणी वर बघायचं नाही. काजळी धरलेली काच नको, दवाखान्यातली एक्सरेची फिल्म नको, वेल्डिंगवाल्याचा चष्मा नको, पाण्याची परातसुद्धा नको.

बाकी सगळं पटलं. परातीचं पटलं नाही. परातीत बघणं हे काही बघणं नाही. पाणी निववतं. आमच्या बापजाद्यांनी तसंच केलं. पण बाईमाणसाशी कशाला वाद घालायचा, म्हणून गप्प बसलो. त्यांचं ज्ञान त्यांच्या जागी.

सृष्टीला हो म्हणालो. आत राहील, डोळ्यापुढं राहील.

बुधवार, १९ ऑक्टोबर

दिवाळीच्या बेसनाची गर्दी. तरी उन्हं कलली की सृष्टी गिरणीत हजर. जास्तीची भोकं तिनं कणकेच्या गोळ्यांनी बुजवली, एक रांग ठेवली. मोठ्या चिरेवर औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाची चांदी चिकटवून तिला सुईनं टोचलं. तिथला सूर्य बाकीच्यांपेक्षा रेखीव पडला. भिंतीला जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू लावली. मोबाईल हलू नये म्हणून पायलीत गहू भरून त्यात उभा रोवला. हे सगळं तिला कोणी शिकवलं कोण जाणे.

परमेश्वर दळण न्यायला आला होता. तो शेजारी, आणि त्याच्या तोंडाला कधी कुलूप नसतं. म्हणाला, "काय भाऊ, आता गिरणीत सूर्य दळायलाव काय? बारीक दळा, पोरांना खीर करू."

सृष्टी म्हणाली, "काका, तुमचं दळण आधीच सूर्यावर ठेवलंय. बघा पोतं."

खरंच एक गोल त्याच्या पोत्यावर पडला होता. परमेश्वरानं पोतं झटकन उचललं. हसला, पण उचललं.

रविवार, २३ ऑक्टोबर

राजेश्रीचा जीव घाबरलाय. "ग्रहणाचं ऊन गिरणीत घेणार? उद्या लोकं दळण टाकतील का? आन् पोरीला काही झालं म्हंजे?" मी तिला मॅडमचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ते समदं खरं. पण तुमचं तोंड का उतरलंय मग?"

बायकोपासून काही लपत नाही. लपतं ते या वहीत.

मारुतीच्या देवळात जाऊन आलो. कार्तिकात पहाटे काकडा झाला की पोथी मीच वाचतो, माझ्या आवाजावर म्हाताऱ्यांचा जीव. मारुतीच्या चांदीच्या डोळ्यांकडं बघून म्हणालो, पोरीचे डोळे सांभाळ. काही यायचंच असलं तर इकडं येऊ दे.

मंगळवार, २५ ऑक्टोबर

मोक्षाची आंघोळ करून लिहितोय. उपास आहे.

काल लक्ष्मीपूजन झालं, उद्या पाडवा, आणि मधला आजचा दिवस कोरा. गावात चूल नाही. पाण्यावर, पिठावर, लोणच्यावर तुळशीची पानं. देवळाचं दार बंद. पोरंसुद्धा फटाके वाजवेनात. गिरणीतली सगळी पोती मी सकाळीच घरात आणून झाकली.

चार वाजता सृष्टीला आणि राजेश्रीला गिरणीत घालून दार लावलं. सृष्टीला शपथ घातली, मी हाक मारेपर्यंत बाहेर यायचं नाही. "आन् तुमी, बाबा?" मी म्हणालो, मी जप करतो.

ओट्यावरून आमच्याकडं पश्चिम मोकळी दिसते. तिथं मोठी पितळी परात ठेवली, पाणी भरलं, चिमूटभर हळद टाकली, मधे मुसळ उभं केलं. ग्रहण लागलं की मुसळ आपोआप उभं राहतं आणि सुटलं की पडतं. सृष्टीनं काल तेच मुसळ तसंच उभं करून दाखवलं होतं. "बाबा, हे रोजच उभं राहतंय. खाली सपाट हाय." मी तिला रागावलो होतो. आज मुसळ उभं राहिलं तेव्हा मला आपलं बरंच वाटलं.

पाच वाजायच्या सुमारास परातीतल्या सूर्याच्या कडेला काळं टेकलं. मी वर पाहिलं नाही. एकदाही नाही. मान खाली, डोळे पाण्यात, हातात माळ. वाऱ्यानं पाणी हललं की सूर्याचे तुकडे व्हायचे, मग ते परत जुळून यायचे. सूर्य जसा खाली उतरत होता तसा तो परातीत जास्तच लखलखत होता. डोळ्यांना पाणी सुटलं, पण मी नजर हलवली नाही. वाटलं, मी इथं धरून ठेवलं तर तिकडं पोरीकडं जाणार नाही. माळेवर माळ ओढत गेलो.

गिरणीतून सृष्टीचा आवाज आला, "आई, बघ! समदे कुरतडले!" तिनं मूठभर पीठ हवेत उधळलं म्हणे, तर प्रत्येक भोकापासून भिंतीपर्यंत उजेडाची काठी दिसली आणि प्रत्येक काठीच्या टोकाला चावलेला सूर्य. राजेश्री दार उघडून मला बोलवायला आली. तिची भीती कुठल्या कुठं पळाली होती. "अहो, या की! लय भारी दिसायलंय."

मी गेलो. आत काही दिसेना. भिंतीवर नुसता पांढुरका पट्टा, आणि मी जिथं बघीन तिथं हिरवट जांभळा डाग. सृष्टी म्हणाली, "हे बघा बाबा, इथं उलटं दिसतंय. खरा घास खालून उजवीकडून हाय, आपल्याला वरून उजवीकडं दिसतोय." मी हो हो म्हणालो. उजेडातून अंधारात आलं की असं होतंच.

सूर्य ग्रहण लागलेलाच मावळला. आमच्या घराण्यात अशा ग्रहणाला दुसऱ्या दिवशी सूर्याचं शुद्ध बिंब पाहूनच जेवतात. बाकीचे जेवले. मी थांबलोय.

सृष्टीचे डोळे दिव्याजवळ नेऊन पाहिले. चांगले आहेत. देवा, चांगलेच राहू देत.

तो डाग अजून माझ्या डोळ्यापुढं आहे. जपात मन लागलं की तेज उरतं, असं म्हणतात.

बुधवार, २६ ऑक्टोबर, पाडवा

सकाळी आंघोळ करून तांब्यानं अर्घ्य दिलं. रोजच्यासारखं पाण्याच्या धारेतून सूर्याकडं पाहिलं. मधोमध काळं. मी घाबरून डोळे चोळले, परत पाहिलं, तरी काळंच. ग्रहण काल सुटलंच नाही की काय! राजेश्रीला विचारलं, "सूर्य कसा दिसतो?" ती म्हणाली, "सूर्यासारखा. चला आता, दोन घास खा. उपाशी पोटी चक्कर येईल."

जेवण गेलं नाही. देवळात गेलो. मारुतीपुढं उभा राहिलो. शेंदूर दिसला, गदा दिसली, खांदे दिसले. डोळे नव्हते. चांदीचे दोन्ही डोळे जिथं असतात तिथं नुसतं धुरकट. बाजूला समईकडं नजर गेली तेव्हा देवाचे डोळे चमकल्यासारखे वाटले. परत नीट पाहिलं, नाहीत.

देवानं माझ्यापुरते डोळे मिटले.

ग्रहण मी माझ्या गिरणीत घेतलं. लोकांच्या अन्नाच्या जागी घेतलं. पोरीच्या हौसेपायी घेतलं. देव बोलत नाही, पण सांगतो. हा इशारा आहे. पुढचा घाव कुणावर पडणार, याच विचारानं दिवसभर जीव थाऱ्यावर नाही.

कुणाला सांगितलं नाही.

शनिवार, २९ ऑक्टोबर

सृष्टीचे डोळे लाल झालेत. सारखी चोळते, पाणी येतं. मी विचारलं, "समोरचं नीट दिसतं का? मधे काही काळं?" म्हणाली, "न्हाई हो बाबा, जळजळतंय नुसतं." राजेश्री म्हणाली, "फटाक्याचा धूर हाय. आन् दिवसभर ते फोटो बघायलीय मोबाईलवर." मॅडमनी तिचा फोटो तालुक्याच्या शाळांना पाठवलाय म्हणे. सगळे कौतुक करायलेत. मला त्या फोटोकडं बघवत नाही. बघायला गेलं तर त्यात काही दिसतही नाही.

सोमवारी परभणीला डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्यायचं ठरवलं.

या वहीचा कागद हलका निघाला. रेघा मधेच तुटलेल्या आणि वाकड्या छापल्यात. गिरणीच्या पट्ट्यांच्या दुकानदारानं फुकट दिलेली वही, म्हणायचं तरी काय?

सोमवार, ३१ ऑक्टोबर

सोनपेठहून एसटीनं परभणी. बसची पाटी वाचता आली नाही, रंग उडालाय. सृष्टीनं वाचली.

दवाखान्यात गर्दी. मी खुर्चीत बसून सारखं नाव घेत होतो. सृष्टीला आत बोलावलं, डोळ्यांत औषध टाकलं, तासभर डोळे मिटून बसवलं, मग यंत्रातून तपासलं. डॉक्टर तरुण, चांगले. समोरच्या पाटीवरची अक्षरं तिनं शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हटली. मला वरचं मोठं अक्षरसुद्धा नीट लागेना, पण मी मागं लांब बसलो होतो.

डॉक्टर म्हणाले, "काका, डोळे एकदम ठणठणीत आहेत. धुराचा त्रास आहे. थेंब देतो."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. डॉक्टर हसले. "एवढं घाबरायला काय झालं? ग्रहण पाहिलं का हिनं?"

सृष्टीनं गिरणीचं सगळं सांगितलं. त्यांनी मोबाईल हातात घेऊन फोटो पाहिला. म्हणाले, "वा! हे शंभर टक्के सुरक्षित. घरात अजून कुणी पाहिलं का, वर बघून?"

"न्हाई साहेब," मी म्हणालो. "वर कुणीच पाहिलं न्हाई."

खोटं बोललो नाही.

परतताना देवाचे उपकार मानत होतो. पण बसमध्ये सृष्टी म्हणाली, "बाबा, तुमी तिकीट असं तिरपं धरून का बघायलाव?" म्हणालो, ऊन येतंय.

गुरुवार, ३ नोव्हेंबर

सकाळी जात्याच्या दगडाला टाकी लावायला घेतली. दगड गुळगुळीत झाला की छिन्नीनं परत खडबडीत करावा लागतो, नाहीतर पीठ जाडं येतं. हे काम मी डोळे झाकून करीन अशी माझी समजूत. तिसरा घाव अंगठ्यावर बसला. पुढचाही. छिन्नीचं टोक जिथं टेकवायचं तिथंच दिसत नव्हतं. रक्त पिठात मिसळू नये म्हणून उठलो.

काकड्यालाही गोंधळ. आज पोथी वाचताना परमेश्वर मधेच म्हणाला, "भाऊ, देवाचंच नाव गाळलं की! आज देवाला सुट्टी दिली का?" सगळे हसले. पान जुनं झालंय, म्हणालो. पुढचं पाठ होतं म्हणून निभावलं. पाठ नसतं तर?

मारुतीचे डोळे अजून मिटलेले. नऊ दिवस झाले. आता सृष्टीचा चेहराही देवासारखाच होतो. सरळ बघितलं की नाकडोळे पुसल्यासारखे. जेवताना ती ताटावर वाकली होती, मी तिच्याकडं पाहिलं आणि हातातला घास खाली ठेवला. मला असं वाटलं की तिच्यावरच काहीतरी आलंय. पण डॉक्टर ठणठणीत म्हणाले. मग हे काय आहे? तिच्यावर नाही तर कुणावर आहे?

एक विचार येतो. येतो आणि मी त्याला हाकलतो. मी वर पाहिलंच नव्हतं.

रविवार, ६ नोव्हेंबर

आज आईजवळ बसलो. आई आता थकली, पण जुनं तिला कालच्यासारखं आठवतं. ती ओसरीत वाती वळत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "माय, दत्तूकाकानं ते ग्रहण बघितलं तेव्हा काय केलं होतं? लय वेळ वर बघत उभा होता का?"

"वर?" आई म्हणाली. "वर कशाला बघतोय? वर बघायची कुणाची छाती होती तवा?"

"मग?"

"परात मांडली होती की वाड्यापुढं. हळदीचं पाणी, मधी मुसळ. समदे जरा जरा बघून उठले. दत्तू उठंना. म्हणला, मुसळ पडल्याबिगर उठणार न्हाई. लय हट्टी. बसला तसाच पाण्यात बघत."

माझ्या हातातली वात खाली पडली. आई म्हणाली, "घे की उचलून." मी चटईवर हात फिरवत राहिलो. वात पांढरी, चटई काळपट, तरी सापडेना. शेवटी बोटांनी सापडली.

"सुलाबाई, चहा घेताव का?" शेजारीण दारातून म्हणाली, आणि आईचं बोलणं तिकडं वळलं.

मॅडम म्हणाल्या होत्या, परातसुद्धा नको. सृष्टीसमोर, माझ्याच गिरणीत, माझ्याच पोत्यावर बसून म्हणाल्या होत्या.

देवानं डोळे मिटले नाहीत. हे लिहायलाही धीर होत नाही. देवाचे डोळे जिथले तिथंच आहेत.

आता राजेश्रीला काय सांगू? छिन्नी कोण धरणार, पोथी कोण वाचणार, सृष्टीचं पुढचं शिक्षण? ते सगळं मनात येतं, पण त्याहून जास्त एकच भीती. तिला कळलं की ती म्हणेल, माझ्या फोटोमुळं झालं. माझ्यासाठी बाबा बाहेर बसले. ती ते आयुष्यभर धरून बसेल. तिला कळू द्यायचं नाही.

मंगळवार, ८ नोव्हेंबर, कार्तिकी पौर्णिमा

पंधरा दिवसांत दुसरं ग्रहण. आज चंद्राला. चंद्र उगवला तो ग्रहण लागलेलाच उगवला, आणि थोड्याच वेळात सुटणार होता. देवळापुढं त्रिपुराच्या वाती लावायच्या खोळंबल्या होत्या. बायका ताटं घेऊन ओट्यावर बसलेल्या.

सृष्टी म्हणाली, "बाबा, हे नुसत्या डोळ्यांनी बघता येतं. मॅडम म्हणल्या, चंद्राचं काही भ्या न्हाई. चला माझ्याबरोबर."

मी नाही म्हणत होतो. तिनं हात धरून गिरणीमागच्या मोकळ्या रानात नेलं. पायली आणि गहू आजही घेतले होते. पूर्वेला झाडांवर चंद्र आला असावा, कारण परमेश्वराची पोरं ओरडली. तिनं मोबाईल रोवला, दोनचार फोटो काढले, आणि म्हणाली, "बाबा, कुठं लागलंय सांगा बरं?"

मी पाहिलं. मऊ पिवळा उजेड, आणि त्याच्या पोटात काळा डाग. मी आनंदानं म्हणालो, कारण या खेपेला मला दिसलं असं वाटलं. "मधोमध."

ती पुढचा फोटो काढायची थांबली.

"मधोमध हाय ना?"

"परत बघा, बाबा."

"मधीच हाय की. चांगला मोठा."

तिनं मोबाईल गव्हातून उपटला. माझ्यापुढं आली. "वर हाय, बाबा. वर, उजवीकडं. कडंला. मधी काही न्हाई." मग एकदम हळू, "तुमाला मधी कवापासून दिसायलंय?"

तिकडं पोरांनी आरोळी दिली, ग्रहण सुटलं. देवळापुढं वाती पेटल्या, बायका हसल्या, घंटा वाजली. मी परत चंद्राकडं पाहिलं. माझं सुटलं नव्हतं.

"तुमी परातीत बघत होताव," ती म्हणाली. "मी आतून विचारलं होतं, बाबा कुठं हायेत. आई म्हणली, बाबा जप करायलेत, त्यांना हाक मारू नको."

तिचा आवाज फुटला. रडायलीय का, ते मला बघायचं होतं. सरळ पाहिलं तर तिच्या चेहऱ्याच्या जागी धूर. म्हणून मी मान थोडी वाकडी केली आणि तिच्या कानाच्या बाजूला पाहिलं. तेव्हा कुठं दिसली. गालावर पाणी, ओठ दाबून धरलेले, आईसारखी हनुवटी. पंधरा दिवसांत पहिल्यांदा माझी पोर मला नीट दिसली. मी बघतच राहिलो.

सृष्टीनं दचकून मागं वळून पाहिलं. तिथं कोणी उभं आहे का, ते बघायला.

बुधवार, ९ नोव्हेंबर

उद्या परभणीच्या डॉक्टरकडं. राजेश्रीला सृष्टीनंच सांगितलं. दोघी रडल्या, मग दोघींनी मिळून परात माळ्यावर टाकली. मॅडमचा फोन आला होता. म्हणाल्या, काहींचं महिन्यांनी थोडं परत येतं, काहींचं येत नाही, पण आता दोन्ही डोळे जपायचे, अर्घ्य देताना मान खाली घालायची. मी विचारलं, मान खाली घालून दिलेलं पोचतं का? म्हणाल्या, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

आज मान खाली घालूनच दिलं.

भीती गेलेली नाही. लिहिताना ओळ हरवते, म्हणून सृष्टी शेजारी बसून बोट ठेवते आणि मी त्या बोटाच्या बाजूला बघत लिहितो. ती वाचत नाही, शपथ घेतलीय.

दुपारी गिरणीत एकटाच बसलो होतो. भिंतीवर सूर्य आले. एकाकडं सरळ पाहिलं की तो जातो आणि शेजारचे राहतात.

मला काकाची ती शेव आठवली. कागदाच्या पुडीत, तेल लागलेली. तो पुडी पुढं करायचा, मान वाकडी करून माझ्या कानाशी बघायचा, आणि मी पाठ फिरवून पळायचो. तो बराच वेळ तसाच उभा राहायचा, पुडी धरून.

तिथं दुसरं कोणी नव्हतं. काका माझ्याकडंच बघत होता.